आंब्याखालची ब्राह्मी

दुधाची किटली खाली ठेवली आणि हौसाची नजर तिथेच अडकली. पिंपरीच्या नव्या कारखान्याची वसाहत, चिंचेची दाट सावली, जिथे साधं गवतही धरत नाही... आणि तिथे ब्राह्मीची गोल गोल पानं अशी पसरली होती, की माती दिसू नये!

"आमच्या दारच्या आंब्याखाली काय बी येत न्हाई. ह्यातलं थोडं देता का?"

माळ्यानं मान वर केली. साताऱ्याकडचा सयाजी. हात मातीनं भरलेले, डोळे मिस्कील.

"मागून नेलेलं रोप लागत न्हाई. चोरून न्यावं लागतं."

"मंग पाठ फिरवा की!"

त्यानं खरंच पाठ फिरवली. वर सांगितलंही, "मुळं फुटलेला तुकडा घ्या... माती ओली ठेवा... पाचोळा झाडू नका."

रोप पहिल्याच खेपेला लागलं. पण लागलं म्हटलं, की तिथं थांबायचं निमित्त संपलं! "वाळलं हो," हौसा म्हणाली. सयाजीनं हसून पुन्हा पाठ फिरवली. पावसाळाभर हेच चाललं, आणि तिची दुधाची फेरी उगाचच लांबत गेली.

दिवाळीनंतर बागेचं काम संपलं.

"नाशकाकडं चाललोय," सयाजी म्हणाला. आज तो हसला नाही. "एवढं नेलंत, एक बी जगलं न्हाई? माझ्या हातचं तुमच्या दारात रुजायचंच न्हाई वाटतं."

खरं ते ओठांपर्यंत आलं... आणि तिथूनच परतलं. पोरीच्या जातीनं असलं बोलायचं तरी कसं?

मग नुसती वाट पाहणं. हौसा आंब्याखाली पाणी शिंपायची, पानांवरून हात फिरवायची, वेशीकडे बघत बसायची. चाकणहून स्थळ सांगून आलं. वडील, सोपानराव, होकार द्यायच्या बेतात होते. तिला घास गोड लागेना.

आणि चैत्रातल्या एका दुपारी दारात सयाजी! हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं रोप.

"म्हटलं, आपणच लावून द्यावं—"

त्याची नजर खाली गेली. आंब्याखाली अंगणभर ब्राह्मी पसरली होती.

"वाळलं म्हणत व्हता न्हवं?"

"लागलं म्हटलं असतं तर..." हौसा वाकून पानांवरून हात फिरवू लागली. "मंग रोज कशाच्या निमतानं आले असते मी?"

"कोण हाय गं?" आतून सोपानरावांनी विचारलं.

सयाजीनं रोप तिच्या हातात दिलं, टोपी सारखी केली.

"तुमाला चोरून न्हेणार न्हाई. मागून बघतो..."

तो पायरी चढला. हौसानं झटकन पाठ फिरवली. कान मात्र दाराशीच होते.

"या, बसा की पाव्हणं," आतून ऐकू आलं.