गॉस्पोर्टची तीन पौंडी तोफ

ही गोष्ट खरी आहे. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. विश्वास नसेल त्याने येऊन बघावीत.

इंग्लंडमधलं गॉस्पोर्ट बंदर. नोव्हेंबर १९९४. दुपारचे तीन.

मी, एडविन फॅरो, जुन्या गनबोटींवरच्या छोट्या तोफांवर पुस्तक लिहीत होतो. खाडीकाठच्या एका खाजगी शेडमध्ये १८८९ सालची तीन पौंडी, म्हणजे तीन पौंडांचा गोळा डागणारी, तोफ होती. तिचा नंबर टिपायचा होता, बस.

शेड सांभाळणारा म्हातारा ट्रेलॉर चावी देईना.

"हिच्यावरच मेला ना तो खलाशी?" मी म्हणालो. "सरावात बार उडाला नाही, आणि याने थांबायचं सोडून तोफ मागून उघडली. बार तोंडावरच फुटला. मूर्ख!"

"हुकूम अधिकाऱ्याचा होता, लेखकमहाशय," तो गुरकावला. "खापर फुटलं सायलस वेनवर. इथे त्याला मूर्ख म्हणायचं नाही."

"अहो, शंभर वर्षं झाली त्याला मरून!"

त्याने चावी माझ्या पायाशी फेकली. "जा. मरा."

आत गेलो. दांडी ओढली. तोफेच्या मागचा पोलादी ठोकळा सरकन खाली उतरला. मी वाकून नळीला डोळा लावला.

समोर खिडकी होती. उजेड दिसायला हवा होता...

काळोख.

उठून तोफेच्या तोंडाशी गेलो. तिथे काहीच नव्हतं.

पुन्हा डोळा लावला.

काळोख...

बाहेर ओरडणारे सीगल गप्प झाले. सगळे. एकदम.

नळीतून गरम श्वास आला. थेट तोंडावर. त्याला जळक्या बारुदीचा वास होता.

"मूर्ख कोण?"

मी दचकून उठायला गेलो. हात टेकला तो नेमका ठोकळ्याच्या खाचेत.

ठोकळा वर आला.

खाड्!

माझी किंकाळी ऐकून ट्रेलॉर धावत आला. त्याने हाताला मफलर गुंडाळला.

"दांडी... दांडी सुटली..."

"कुठली दांडी?"

मी वळून पाहिलं. तोफेच्या मागे नुसतं भोक होतं. दांडी नाही. ठोकळा नाही. भोकावर कोळ्याचं जाळं... अख्खं.

"ते सगळं महायुद्धातच काढून वितळवलंय," तो पुटपुटला. "तुम्ही उघडलंत काय?"

बोटांचे तुकडे आम्हाला सापडलेच नाहीत.

गेल्या वर्षी ती तोफ लीड्सच्या एका बाईंनी विकत घेतली. माझं पुस्तक वाचून त्यांचं मला पत्र आलं.

'तोफ सुरेख आहे. दांडी तर लोण्यासारखी चालते.'

मी लगेच फोन केला. रोज करतोय.

कोणी उचलत नाही...