दोन टेकड्यांचा आलेख

कुरामोचीचा माणसांपेक्षा आलेखांवर जास्त विश्वास होता, आणि आलेखांनी त्याला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. हिरोशिमाजवळच्या डोंगरात सुयांचा कारखाना होता, त्यात तो तपासणी खात्याचा प्रमुख. ट्रेमधली सुई मोजायची, तिच्या लांबीच्या रकान्यात एक रेघ ओढायची. पाच रेघा झाल्या की पाच रेघांचं एक जपानी अक्षर पुरं. मग त्या अक्षरांचे खांब काढायचे आणि कागद भिंतीला टाचायचा. खांबांची टेकडी व्हायची, मधे उंच, दोन्हीकडे उतरती. एक हात, एक टेकडी, असं तो नव्या पोरींना शिकवायचा. टेकडी पाहून चाकावरच्या पोरीला सर्दी झालीय की तिचं घरी भांडण झालंय, हेही सांगायचा. पोरी खरं मानायच्या.

सुईचं टोक घासायचं चाक एकच होतं आणि त्यावर एकटी सानाए बसायची. तरी त्या शरदात एके दिवशी टेकड्या दोन आल्या.

"साहेब, आज उंट काढलात का?" तोमिएबाईंनी विचारलं. कारखान्यातल्या त्या सगळ्यात जुन्या, त्यांना कोण अडवणार.

कुरामोची हसला नाही. दोन टेकड्या म्हणजे दोन हात. त्यानं मोजणीचं यंत्र बदललं. सकाळच्या सुया वेगळ्या केल्या, दुपारच्या वेगळ्या. दोन्हीकडे दोन टेकड्या. तारेची गुंडाळी बदलली, तरी दोन. शेवटी स्टूल ओढून तो सानाएच्या पाठीशी दिवसभर बसला. चिमटीत सुई फिरवत ती घासत होती, आणि तिची मान लाल होत चालली होती. दुसरं कुणी चाकाजवळ फिरकलंही नाही.

दुसरी टेकडी त्या दिवशी जरा उंचच आली.

तोमिएबाईंनी त्या दुसऱ्या टेकडीतली एक आखूड सुई उजेडात धरली. "कात्सुबेबाई अशाच घासायच्या."

सानाएच्या आधी चाकावर बसणाऱ्या कात्सुबेबाईंना कुरामोचीनंच कामावरून काढलं होतं, कारणाच्या रकान्यात 'हाताचा दोष' एवढं लिहून. त्या वारल्या का, असं त्यानं चाचरत विचारलं.

"वारतात कशाला? कुरे शहरात लेकीकडे असतात. झोपून असतात म्हणे बऱ्याचदा."

इकडे डिसेंबर लागला आणि मालकांचा निरोप आला. सुया इस्पितळांत जायच्या होत्या. शनिवारपर्यंत कारण लिहून द्या, नाहीतर चाक बंद. सानाएच्या पगारावर तिचं आणि आईचं घर चाललं होतं, हे कुरामोचीला ठाऊक होतं. पण 'कारण कळत नाही' असं त्यानं जन्मात कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं.

त्यानं लिहिलं, हाताचा दोष.

सानाएनं बोटावरची कातडी टोपी काढून टेबलावर ठेवली. वाकून नमस्कार केला. "साहेब, मी एकटीच बसत होते हो." मग दाराशी थांबून म्हणाली, "माझ्या मोडक्या सुयांचा डबा आहे. तेवढ्या टोफूत खोचाल ना?"

हो म्हणाला तो. वर्षभर कडक कापडाशी झुंजून मोडलेल्या सुयांना शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून डिसेंबरात देवळात टोफू मांडतात, त्यात जिनं तिनं आपल्या खोचायच्या. त्या दिवशी तोमिएबाईंबरोबर देवळातून परतताना कुरामोचीला डबा आठवला. तो भंगाराबरोबर गेला होता.

"कात्सुबेबाईंच्याही अशाच राहिल्या," तोमिएबाई म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सानाएच्या रिकाम्या चाकावर तोमिएबाई बसल्या. टेकड्या तीन आल्या.

जेवणाच्या सुट्टीत चाक थांबलं. सगळ्या बायका डबे घेऊन अंगणात गेल्या. अर्ध्या तासानं कुरामोचीनं सानाएच्या घरी फोन लावला. तिच्या आईनं घेतला.

"आपण आवर्जून चौकशी केलीत," ती म्हणाली. "झोपलीय हो ती. ताप नाही काही. सकाळपासून उठतच नाही."

"बरं."

"फक्त चिमटीत काहीतरी फिरवत असते सारखी. चिमटी सोडवली तरी बोटं थांबत नाहीत."

त्यानं फोन ठेवला. खोलीत कुणी नव्हतं.

ट्रेमधली सगळ्यात वरची सुई त्यानं उचलून मोजली. तिसरी टेकडी, सानाएच्याच लांबीची. रेघ ओढायला पेन्सिल घेतली, पण ओढली नाही.

सुई अजून गरम होती.