क्लाउडवर नेलेला आवाज

सारीबुलाकमध्ये बुरान, ते बर्फाचं वादळ, सुटलं की भर दुपारी दिवे लावावे लागतात. त्या रविवारीही तसंच झालं होतं. बर्फ आडवं उडत होतं, रस्त्यापलीकडची इमारत दिसेनाशी झाली होती, आणि कामशात एका हाताने टोपी धरून कचेरीत शिरली ती अगदी साध्या कामासाठी. गावाला ऊब आणि गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीची ती कचेरी. तिथल्या जुन्या सर्व्हरवरची एक व्हर्च्युअल मशीन क्लाउडवर हलवायची होती.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काही हाताला लागणारी वस्तू नव्हे. लोखंडी सर्व्हरच्या पोटात राहणारं ते एक बिनदेहाचं यंत्र. ते स्वतःला अख्खा संगणक समजतं, आणि उचलून दुसऱ्या कुणाच्या पोटात ठेवलं तरी आपण हललो हे त्याला कळत नाही. निदान कामशातला तसं शिकवलं होतं.

या मशीनचं काम तक्रारींचे फोन घ्यायचं आणि प्रत्येक बोलणं जपून ठेवायचं. फोन लावला की आधी सायातचा, त्याने कधीकाळी रेकॉर्ड करून दिलेला आवाज यायचा. "तुमचा फोन मिळाला. घाबरू नका, माणसं निघालीच."

सायात तिचा धाकटा भाऊ, पाइपलाइनवरचा फिटर. तीन हिवाळ्यांपूर्वी मुख्य लाइन फुटली आणि तो वाफेत भाजून गेला. कुणाला न विचारता त्याने व्हॉल्व्हला हात लावला, असं चौकशीत ठरलं. अर्धं गाव गारठलं त्याचं खापरही मेलेल्या पोराच्या डोक्यावर फुटलं. आई बाजारात गेली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. त्या रात्री सायातने फोन करून विचारलं असणार, असं आई सगळ्यांना सांगत राहायची. पण त्या फोनची नोंदच झालेली नाही, हे मुख्य इंजिनियर बोलातखान यांनी शपथेवर सांगितलं होतं. आणि बोलातखान आगांवर अविश्वास कोण दाखवणार? जनाज्याला पहिला खांदा त्यांचा होता. कामशातला नोकरीही त्यांनीच दिली होती.

आताही त्यांचाच फोन आला.

"पोरी, जेवलीस का?"

"डबा आणलाय, आगा. कॉपी सुरू केलीय."

"गेल्या दोन वर्षांचंच ठेव. बाकी कचरा आहे, उडवून टाक. संध्याकाळी भंगारवाला येईल, सर्व्हर त्याला देऊन टाक."

"या हवेत भंगारवाला येईल?"

"त्याचं बायकोशी वाजलंय. तो आज कुठेही येईल."

ती हसली. पण मशीन हलते ती अख्खीच. कचरा मागाहून निवडायचा असतो. म्हणून जुन्या नोंदी चाळायला ती बसली. आणि तिला ती रात्र सापडली.

तारीख तीच, नंबर सायातचा. तिने हेडफोन लावले.

"आगा, मुख्य लाइन थरथरतेय. बंद करू का?" मागे वारा घोंगावत होता.

"सकाळपर्यंत थांब." तो आवाज बोलातखान यांचा होता, झोपेतला, वैतागलेला. "आज लाइन बंद केलीस तर वरचे माझी मान पकडतील."

"आगा, वाफ यायला लागलीय..."

मग एक लांबलचक शिट्टी वाजली, आणि पुढे काही नव्हतं.

कामशातने ते पुन्हा ऐकलं. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता असा संताप आला की तिने डबा भिंतीवर भिरकावला. या माणसाने केसाने गळा कापला होता. खांदा देताना त्याचा हात कापला नाही. तीन वर्षं दर सणाला घरी येऊन आईच्या हातचा चहा प्यायला, आणि आज पुरावा नष्ट करायला निवडलं कुणाला, तर सख्ख्या बहिणीला.

तिने काहीच उडवलं नाही. अख्खी मशीन वर गेली. क्लाउडवरची नवी प्रत सुरू झाली, फोन तिकडे वळले, सायातचा आवाज तिथूनही नीट आला. सरकारी चौकशी अधिकारी बाईंना फोन करून तिने सोमवारी सकाळी यायला सांगितलं. मग जुनी मशीन बंद केली. पडद्यावरचा हिरवा ठिपका विझला.

तेवढ्यात वास आला.

गरम तेलाचा, तळणीतल्या पिठाचा वास. शिजल्या अन्नाचा वास मेलेल्यांपर्यंत पोहोचतो, म्हणून आई दर शुक्रवारी सायातच्या नावाने पोळ्या तळायची. पण आज रविवार होता. आणि सर्व्हरच्या त्या खोलीला खिडकी नव्हती.

टेबलावरचा चाचणीचा फोन वाजला. तो फक्त जुन्या मशीनला जोडलेला होता, आणि जुनी मशीन बंद होती.

तो वाजत राहिला. न उचलण्याची छाती झाली नाही, म्हणून तिने उचलला.

वारा... घोंगावणारा वारा... आणि त्यातून अगदी जवळून, "अपके..."

ताईला तो अपके म्हणायचा. अपके म्हणणारं या जगात दुसरं कुणी नव्हतं.

"सायात?"

"थरथरतेय गं... बंद करू का?"

पोर घाबरलंय, एवढंच तिला कळलं. उद्या सगळ्यांसमोर त्याच्यावरचा डाग पुसायचा होता. धीर द्यावा म्हणून ती हलकेच म्हणाली, "सकाळपर्यंत थांब, सायात. सकाळी सगळ्यांना ऐकवते मी."

वारा थांबला, वासही विरला. थोड्या वेळाने भंगारवाला बायकोला शिव्या घालत आला, तेव्हा तिने सर्व्हर त्याच्या हवाली केला. प्रत वर सुरक्षित होती. लोखंड ठेवून काय करायचं होतं? ती नोंद पुन्हा ऐकण्याचं धाडस मात्र तिला झालं नाही.

सकाळी बोलातखान यांच्या दालनात चौघंच होती. चौकशी अधिकारी बाई, भरजरी रुमाल बांधून आलेली आई, कामशात आणि स्वतः आगा. कशासाठी जमलोय ते कळताच आगांच्या हातातला चहा सांडला.

"पोरी, हे घरातल्या घरात मिटवता आलं असतं," ते पुटपुटले.

"तुम्ही आमच्या घरात बसून खोटं बोललात, आगा. आता गावाला ऐकू दे," कामशात म्हणाली, आणि तिने क्लाउडवरची नोंद उघडली. तारीख तीच, नंबर सायातचा.

मागे वारा घोंगावला. "अपके, मुख्य लाइन थरथरतेय. बंद करू का?"

कामशातने पडद्यावरची तारीख पुन्हा पाहिली.

"सकाळपर्यंत थांब, सायात."

तो तिचाच आवाज होता. हलका, मायेचा.

"अपके, वाफ यायला लागलीय..."

मग ती लांबलचक शिट्टी. पुढे काही नाही.

बाईंनी नोंद पुन्हा लावली, आणि तिसऱ्यांदाही लावली. दर वेळी तेच. कामशातने आगांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक होता. हे त्यांनी केलेलं नव्हतं.

"हे असं नव्हतं," ती म्हणाली. "काल मी ऐकलंय. काल यात या आगांचा आवाज होता."

"जुना सर्व्हर कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"काल भंगारवाल्याला दिला," कामशात म्हणाली.

"आई, तू सांग यांना. त्या रात्री मी कुठे होते?"

आईने रुमालाची गाठ सैल केली, पुन्हा घट्ट केली. "त्या रात्री ही माझ्याशेजारी झोपली होती," ती बाईंना म्हणाली. "मी हिच्या अंगावर दोनदा पांघरूण घातलं."

मग तिने आपली खुर्ची लेकीपासून जरा दूर सरकवली आणि कधी नव्हे ते तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"पांघरुणाखाली तूच होतीस ना गं?"