देवडीतला दुर्गंध

“यक्! समथिंग डाइड इन हिअर!” फहद नाक दाबून देवडीबाहेर पळाला.

कोलंबीची सालं उन्हात कुजावीत, तसा वास! त्यावर मॅनेजर वासिफ रोज बखूरचा धूप फिरवायचे. त्याने घाण काही सुगंधी झाली नव्हती, उलट सुगंधाचाच उबग आला होता.

आखाती शहरातल्या ऊद मेथा भागातली ही वकिलांची कचेरी म्हणजे लंडनच्या जुन्या चेंबर्सची नक्कल. लाल विटा, मधे काळ्या विटांची नक्षी, कमानीचं प्रवेशद्वार, दोन बाजूंना बुरूज आणि कमानीखाली पहारेकऱ्याची देवडी. यम्ना-फहदची अम्मी, नौशीन, इथली मोठी वकील. सुट्टीत दोघं भावंडं आणि त्यांची मैत्रीण दर्शना इथेच ठाण मांडून असायची.

आज पहारेकरी दौलतकाका बॅग भरत होते.

“काका, माणगावला निघालात?” दर्शनाने विचारलं.

“वासिफसाहेब म्हणतात, मीच या भिंतीशी लघवीला बसतो.” काकांनी बॅगेची चेन खस्सकन ओढली. “व्हिसा कॅन्सल करतायत. संध्याकाळी खलास.”

“दॅट्स डिस्गस्टिंग!” यम्ना भडकली. वासापेक्षा तिला या आरोपाचीच जास्त किळस आली.

तिने भिंतीला बोट लावलं. शी! बुळबुळीत ओल! विटांवर ओलीने वर येणाऱ्या क्षाराचा पांढरा लोणाही फुटला होता.

“पाऊस नाही, मग लोणा कुठून?” दर्शना पुटपुटली आणि लॉबीत धावली. तिथे लंडनच्या मूळ इमारतीचा फोटो होता. “बघा! सांडपाण्याचे नळ भिंतीच्या बाहेरून उतरलेत. आपल्याकडे कुठे आहेत?”

“वासिफ अंकल सगळ्यांना सांगत असतात ना!” फहद ओरडला. “‘अग्ली पाइप्स मैंने दीवार में छुपा दिए!’”

तिघं धावत वर गेली. देवडीच्या बरोबर वर पँट्री होती. तिथल्या एसीचं पाणी एका पाइपातून भिंतीत शिरत होतं. शेजारीच अम्मीच्या दुधासाठी ठेवलेली हळदीची बरणी! यम्नाचे डोळे चमकले.

“दर्शना, काकांना अम्मीच्या केबिनमध्ये बसव. अजिबात खाली सोडू नकोस. फहद, जग आण. यल्ला, चल लवकर!”

हळदीचं पाणी पाइपात ओतून दोघं खाली आली. थोड्या वेळाने विटांच्या सांध्यांतून पिवळे ओघळ उतरू लागले. तेवढ्यात वासिफ आले आणि किंचाळलेच.

“नौशीन मॅडम! जल्दी आइए! दौलत ने फिर वही किया! देखिए, एकदम ताज़ा!”

अम्मी आली. तिच्यामागे दर्शना आणि हातात बॅग घेतलेले खुद्द दौलतकाका!

“दौलत तर मघापासून माझ्यासमोर बसलाय,” अम्मी थंडपणे म्हणाली.

“वास घेऊन बघा, अंकल,” यम्ना म्हणाली. “इट्स हल्दी.”

अम्मीने बोलावलेल्या प्लंबरने विटा काढल्या. आत पाइप अर्ध्यावरच संपला होता! खाली काळा चिखल आणि सैरावैरा धावणारी झुरळं. फहदला ओकारीच आली. नळ लपवला, पण तो गटारापर्यंत नेण्याची तसदी कुणी घेतली नव्हती.

“शाब्बास! आरोपीला साक्षीदारासमोर बसवून मग पुरावा काढलात,” अम्मीने तिघांची पाठ थोपटली. “वासिफ, व्हिसा कॅन्सल होणार नाही. आणि नळ बाहेरून घ्या.”

“सॉरी, बच्चो,” वासिफ नाक दाबून पुटपुटले.

“आम्हाला नको,” यम्ना म्हणाली. “काकांना म्हणा.”

वासिफ वळले. “सॉरी, दौलत.”

दौलतकाकांनी बॅग खाली ठेवली. “साहेब, नाक सोडून बोला. एवढे दिवस मी इथेच बसून जेवलोय.”