'फक्त' कुठे ठेवायचं

ऐक ना, मध्ये बोलू नकोस. आपली एसिनाम... घानात, आक्राच्या ओसू भागात प्रवेश परीक्षेच्या क्लासला जायची ना? तिथे पंखा एकच चालायचा, आणि त्याखालचा बाक मवान्साने अडवलेला. झांबियाचा मुलगा, नोकरीसाठी आक्राला आलेला. ही शेजारी टेकली, पिशवी ठेवली, "येते हं" म्हणाली आणि केलेवेले, म्हणजे तिखट तळलेली केळी, आणायला निघून गेली. तो दाराकडे बघतच राहिला.

ती परत आल्यावर विचारतो, "जाताना 'येते' कसं म्हणालीस?"

"मग काय म्हणायचं?"

"जाते. आमच्याकडे जाणारा 'जातो' म्हणतो."

"किती कोरडे रे तुम्ही," म्हणत तिने केळ्याचा तळलेला तुकडा पुढे केला. बोटाला बोट लागलं. त्याच्या डोळ्यांत पाणी... तिखटाने, असं तो म्हणाला.

एसिनामला सगळं यायचं, वाक्य दुरुस्तीचे प्रश्न तेवढे चुकायचे.

"लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते बघ," मवान्सा म्हणायचा. "तू तुला हवं ते वाचतेस."

"मग मला हवं ते कोणीतरी लिहा ना—"

शेवटच्या दिवशी त्याने वही सरकवली. "दुरुस्त कर."

'मी फक्त आक्रात एसिनामसाठी राहिलो.'

तिने मान वर केली नाही. 'फक्त' खोडलं, पुढे नेलं. 'मी आक्रात फक्त एसिनामसाठी राहिलो.'

"नक्की?"

"या वेळी लिहिणाऱ्याचंच बघितलं."

"बरोबर आहे." मग हळूच, "नोकरी मार्चमध्येच संपली. आता राहायचा परवानाही संपला. उद्या दुपारचं विमान आहे."

तिने वही पिशवीत टाकली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्या फाटकाशी हजर. त्याने टॅक्सीत बॅग टाकली, आत बसला आणि म्हणाला, "येतो."

एसिनामने दार धरून ठेवलं.

"हे नुसतं आमच्यासारखं बोललास... की खरंच येणारेस?"

"पर्याय दोनच?"

"दोनच."

"मग सांग, लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय?"

तिला काय हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर भीती वाटत होती.

"मॅडम, बसताय की दार सोडताय?" ड्रायव्हर म्हणाला.

तिने दार सोडलं. "लवकर ये," म्हणाली, आणि वही छातीशी धरून उभी राहिली.

उत्तर बरोबर की चूक, अजून कळलेलं नाही. रोज त्याचा फोन येतो, तो मात्र नाही. तू काय केलं असतंस?