घळीतले ठिपके

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," घोडीच्या आंबट दुधाचा वाडगा खाली ठेवत तोलोन आबांनी जाहीर केलं.

"तुमच्या कुठल्या गोष्टीवर बसलाय, आबा?" कुबात म्हणाला. "मागच्या खेपेला गरुडानं तुम्हाला वाट विचारली होती!"

सुसामिरच्या कुरणावर, तंबूच्या दाराशी बसलेले सगळे पॅराग्लायडरवाले हसले. बुरुल तेवढी हसली नाही. आबांनी उडताना नेलेलं तिचं यंत्र ती लॅपटॉपला जोडत होती. तापल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, डोळ्यांना दिसत नाही. ते जिथे लागतं तिथे यंत्र पडद्यावर ठिपका उमटवतं. जुन्या यंत्रांत ठिपका जागीच राही आणि हवा वाऱ्याबरोबर पुढे निघून जाई. बुरुलनं ठिपक्यांनाच वाऱ्याबरोबर चालायला शिकवलं होतं. दोन वर्षं ती त्यापायी खपत होती. तिचा भाऊ अदिलेत थर्मल शोधत पश्चिमेच्या घळीत शिरला आणि त्याच्या पंखाची चिंधीही सापडली नाही, तेव्हापासून.

आज आबा त्याच घळीतून आले होते. "अदिलेतचं काही दिसलं?" एवढंच तिनं विचारलं होतं. ते उत्तर चुकवायलाच आबांनी गोष्ट काढली होती.

"खिंडीवर वारा पडला आणि मी घसरलो घळीत. खाली नुसते धोंडे नि पाणी. बकरी टेकेल एवढी जागा नाही. सगळीकडे सावली, दगड गार. तिथे कुठलं आलंय थर्मल! खाली चाललोय म्हणून यंत्र एकसारखं कण्हत होतं. म्हटलं, संपलं आपलं."

"आणि मग गरुड आला."

"नाही आला." आबा हसले नाहीत. "पडद्यावर ठिपका उमटला. माझ्या पुढे, कड्याच्या कुशीत. मग दुसरा, तिसरा. गोलात."

बुरुलची बोटं थांबली. "आपण तिथे गेल्याशिवाय ठिपका उमटत नाही, आबा."

"म्हणून तर आधीच सांगितलं, विश्वास बसणार नाही. गेलो तिकडे. हवा वर नेत होती, पण बर्फासारखी. भर उन्हाळ्यात तोंडातून वाफ. ओल्या कापडाचा वास."

इथे आबांनी घोट घेतला आणि मधलं थोडं गाळलं.

"कड्याच्या वर आलो. ठिपके पुढे ढगात शिरत होते. मी पाठ फिरवली."

"आणि घळीत?"

"कोणी नव्हतं, पोरी. मी एकटाच." त्यांनी समोरच्या रोटीवर हात ठेवला. "रोटीची शपथ."

बुरुलनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर आबांच्या उड्डाणाची रेघ होती, एकावर एक वेटोळी.

"तुमचा डावा खांदा मोडलेला. तीस वर्षं तुम्ही उजवीकडेच फिरताय."

"मग?"

"इथे सतरा फेऱ्या आहेत. सतराच्या सतरा डाव्या."

कुबातचा वाडगा ओठांपाशीच राहिला. एकाच थर्मलमध्ये घिरट्या घालत चढताना वरचा ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला खालच्यानं फिरायचं, ही शिस्त तिथल्या प्रत्येकाच्या अंगात मुरलेली होती.

आबांनी रोटीवरचा हात हळूच काढून घेतला.

"खोटं बोललात, आबा," बुरुल म्हणाली. "तुमच्या वर कोण फिरत होतं?"