डाव्या पायाचं गिऱ्हाईक

माझी चाळिशी उलटली, तरी काकांची भुताची गोष्ट ऐकली की मला पाणी प्यायला उठायलाही सोबत लागते. परवा रात्री दिवे गेले, आणि भाचरांच्या नावाखाली मीच त्यांना बोलतं केलं.

काकांचा एक मित्र, बूटवाला. आपला मॉल नवा होता तेव्हाची गोष्ट. पहिल्या वर्षी तिथे जेमतेम तीन दुकानं: याचं, एक घड्याळांचं, एक खेळण्यांचं. वरचा मजला अर्धवट, जिकडेतिकडे सिमेंटची धूळ. सरकता जिना सरकायचा कमी, बसायचाच जास्त. गिऱ्हाईक औषधालाही नाही. मॅनेजरचं रोज एकच पालुपद, मोठं दुकान येतंय, थिएटर येतंय, धीर धरा. धरून धरून हात दुखले, म्हणून हा काकांकडे कुरकुरायचा. शेवटी मॅनेजरनेच बजावलं, रविवारपर्यंत एक तरी जोड विका, नाहीतर गाळा दुसऱ्याला.

शनिवारी रात्री नऊला घड्याळवाल्याने शटर ओढलं. हा हट्टाने बसून राहिला. आणि एक म्हातारा आला. अनवाणी. बांधकामावरचा असावा, अंगभर धूळ. काही न बोलता त्याने फळीवरच्या तपकिरी बुटाकडे बोट केलं.

चोरी होऊ नये म्हणून फळीवर डावाच बूट मांडायचा, उजवा आत खोक्यात. याने म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून त्याच्या पायात डावा चढवला. अगदी मापात बसला. पाय मात्र... गार.

"दुसरा आणतो, बाबा. उठू नका."

आत गेला. खोकं सापडेना. सापडलं. बाहेर आला.

खुर्ची रिकामी.

धुळीत बुटाचे ठसे. फक्त डाव्याचे. खुर्चीपासून समोरच्या बंद गाळ्यापर्यंत. पुढे... भिंत.

"म्हणजे फुकट नेला?" भाचा म्हणाला.

"तोही तेच घेऊन बसला," काका म्हणाले. "भीती राहिली बाजूला. म्हणे, न्यायचा तर जोड न्यायचा. आता मॅनेजरला काय सांगू, अर्धी विक्री झाली?"

गाळा गेलाच. आता तिथे आइस्क्रीम मिळतं, आपण रांगा लावतो. उजवा बूट मात्र त्याने घरी नेला, खोक्याला चिकटपट्टी लावून कपाटावर टाकला. म्हातारा कधीतरी मागायला येईल, म्हणून. गेल्या महिन्यात घर बदलताना खोकं काकांसमोरच उघडलं. पट्टी जशीच्या तशी.

काका पाणी प्यायला थांबले.

"मग?" मीच विचारलं. मलाच खाज.

"तळ पार झिजलेला. भोक पडलेलं. आणि टाचेला सिमेंट..."

मी भाच्याचा हात धरला.

"...ओलं."